दोघींचा वास

हौसाबाई दाराशी येऊन बसल्या आणि चौकटीवरची काळी पट्टी पुन्हा निळी उजळली. त्या धावत गल्लीत गेल्या. कुणीच नव्हतं.

"आज चौथ्यांदा खोटं बोलली तुझी पट्टी!" त्यांनी पट्टी बनवणाऱ्या तनुजाला बोलावून झापलं.

केसाहून बारीक कार्बनच्या नळ्यांवर तनुजा जस्ताच्या ऑक्साईडचे स्फटिक वाढवायची. ते एकाच माणसाच्या वासाने जागे व्हायचे आणि पट्टी उजळायची. हौसाबाईंची लेक शैला सहा वर्षांपूर्वी भांडून गेली होती. ती तोंडाला ओढणी बांधून कधीमधी गल्लीतून जाते, असं शेजारणी सांगत. "मी नाही बोलावणार," म्हणणाऱ्या हौसाबाईंनी गुपचूप पट्टी लावून घेतली होती.

"मावशी, वासासाठी काय दिलं होतंत?"

"तिची गोधडी. तिच्या फ्रॉकांची. ती गेल्यापासून धुतली नाही."

"नुसत्या फ्रॉकांची?"

"आत माझी दोन लुगडी. मग काय तुझं डोकं घालू अस्तराला?"

तनुजाने त्यांना परसात पाठवलं. पट्टी विझली. परत बोलावलं. उजळली.

"स्फटिकांत तुम्ही दोघी एकत्रच वाढलात. आता वेगळं करता येणार नाही. तिचं दुसरं काही आहे?"

"नाही."

"मग तुम्ही दाराशी बसू नका. म्हणजे उजळली तर ती शैलाच."

सहा वर्षं हौसाबाईंची बैठक दाराशीच होती. त्यांनी पाट उचलला, परसात नेऊन आपटला आणि सुनेला ओरडल्या, "मंदे, पट्टीकडे लक्ष ठेव. उजळली की मला हाका मारत बसू नकोस. आधी तिला आत घे."