कुलपातली विहीर

“आजी, मरताना ही विहीर उरावर घेऊन जाणार का?”

तृप्तीनं विचारून टाकलं. फाटकाबाहेर बाभळीआड वंदना आणि आसिफा तोंडावर ओढणी दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. दहावीत गेल्यापासून तृप्ती कुणालाच भीत नव्हती, पण गिरिजाबाईंना आख्खा गाव भ्यायचा.

माळावर त्यांची विहीर. भोवती तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप. भर उन्हाळ्यातही त्या कुणाला घागरभर पाणी नेऊ देत नसत. स्वतःचं रानसुद्धा कोरडवाहूच ठेवलेलं. माळाखाली, गावाच्या तोंडाला सरकारी विहीर होती. तिथं परवानगी लागत नव्हती, नंबर लागायचा. वडीगोद्रीकडच्या विहिरींनी मार्चातच तळ दाखवला, तरी ती आटली नव्हती. ती सगळ्यांची, ही एकटीची. एवढा फरक शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

आणि आता ही एकटीची विहीर तृप्तीच्या घरची होणार होती. गिरिजाबाई लेकीकडे जालन्याला निघाल्या होत्या. तृप्तीचे पप्पा, कल्याण, विहिरीसकट रान घेणार होते. सोमवारी अंबडला खरेदीखत. मोटर बसली की वाळत चाललेली मोसंबी वाचणार होती. पाचवीत असल्यापासून तृप्तीनं ती झाडं तांब्यातांब्यानं जगवली होती.

गिरिजाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कुलूप काढलं.

“माझ्या दारात पाण्याला आलं की माणूस हात जोडतंय,” त्या म्हणाल्या. “मला न्हाई बघवत ते. गावच्या विहिरीवर कसं तोऱ्यात जातंय. तसंच जावं.”

केवढा हा ताठा, तृप्तीला वाटलं.

रान घ्यायचं म्हणून विहीर बघायला आधीही चारजण येऊन गेले, पण पाणी किती याच्यापुढं कुणी विचारलं नाही, असं त्या सांगत राहिल्या. मग पायऱ्यांकडे बोट केलं. “तू वाकडं का होईना, इचारून राह्यली. उतर. बघ डोळ्यानं.”

तृप्ती चार पायऱ्या उतरली. ऊन वरच राहिलं. काळ्या दगडाला हात लावला तर माठासारखा गार. आणि खाली पाणी. एवढं पाणी एका जागी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तळचा खडक दिसावा इतकं नितळ, आणि त्यावर आभाळाचा गोल तुकडा ठेवलेला. एक पारवा उडाला, त्याच्या पंखांचा आवाज भिंतीभिंतीनं फिरून परत आला. तिनं ओंजळ भरली आणि प्यायचंच विसरली.

शेवटच्या पायरीशेजारी भिंतीत मनगट जाईल एवढं भोक होतं, निम्मं पाण्यात बुडालेलं.

“ते आडवं बोअर. दुष्काळाच्या साली, खालचे झरे आटले तवा, आमच्या ह्यांनी मारल्तं,” वरून गिरिजाबाईंचा आवाज आला. “पाणी त्याच्या खाली जाऊ द्यायचं न्हाई, बस. कान लाव तिथं.”

तृप्तीनं कान लावला. आधी नुसती खळखळ. मग तिनं कान आणखी दाबला. दगडातून बायका बोलत होत्या. रहाट कुरकुरला, कुणीतरी हसलं, आणि आसिफाच्या दादीचा, अकबरबीचा, आवाज अगदी कानाशी आला: “सगुणा, जल्दी ओढ ना गं, माझी भाजी करपून राह्यली.”

ती किती वेळ तशीच वाकून होती, तिलाच कळलं नाही. वर आल्यावर तिनं गिरिजाबाईंच्या पायांना हात लावला. पैज जिंकलीस म्हणून मैत्रिणी मागं लागल्या, पण ती तडक घराकडे चालू लागली.

घरी पप्पा अंगणात मोटरचे पाइप मोजत होते. आई म्हणाली, पोरीच्या डोक्यावरचा हंडा उतरला एकदाचा. तृप्ती पिवळ्या पडलेल्या मोसंबीकडे बघत राहिली. मग दोघांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

“पप्पा, रान घ्या, पण मोटर बसवायची न्हाई. मी बसवू देणार न्हाई. मोसंबी जळाली तर जळू द्या,” ती म्हणाली. “गावच्या विहिरीला स्वतःचा झराच न्हाई. ती आडव्या बोअरातून, आजीच्या विहिरीच्या पाण्यानं भरती.”