अर्धं गाऱ्हाणं

कंपनीचा माणूस गोड मालवणीत बोलायला लागला, तेव्हाच सत्यवानच्या मनात पाल चुकचुकली.

"काकानू, ह्ये हातमोजे फकत घालूचे," दत्तप्रसाद म्हणाला. "गाडीचा दार काढूचा आणि परत बसवूचा. तुमचो हात कसो फिरता, ता सगळा हेच्यात भरतला."

घरासमोरच्या खळ्यात कंपनीची नवी विजेवरची गाडी उभी होती. तिच्या टपावर दत्तप्रसादने काळे हातमोजे मांडले होते, बोटाबोटाला वायरी असलेले. त्यांची पेटी एवढी जड, की ती गाडीच्या डिकीतून उतरवायला शेजारच्या मंगेशला हात लावावा लागला होता.

कंपनीच्या पुण्याकडच्या कारखान्यात सत्यवानने एकतीस वर्षं दारं बसवली. फटीतून अंगठा फिरवायचा, दार लोटायचं, आवाज ऐकायचा. आवाज मनासारखा आला तरच गाडी पुढे. निवृत्त होऊन तो बांद्याला आला आणि त्याच जागेवर आता त्याचा मुलगा ओमकार उभा राहत होता.

"मशीन दारा बसवतली, मग ओमकार काय करतलो?" सत्यवानने विचारलं.

"ओमकारची नोकरी कुठेही जात नाही, काका. उलट बढती मिळेल. तो मशीनवर देखरेख करेल."

एवढंच वाक्य दत्तप्रसाद शुद्ध मराठीत बोलला. सत्यवानला ते वाक्य कुठेतरी वाचून आल्यासारखं वाटलं.

"घाला वो ते मोजे," यशोदा पायरीवरून म्हणाली. बढती शब्द ऐकून तिचा चेहरा उजळला होता. "झिलाचा बरा होता तर तुमच्या हातांका काय झिजाक होता?"

"काकी बरोबर सांगतत," दत्तप्रसादने लगेच धागा पकडला. "भायल्या देशांत कारखान्यात माणूसच नाय. दिवे पण लावणत नाय. मिट्ट काळोखात मिनटाक एक गाडी भायर पडता. आपल्याक टिकूचा आसात तर असा कायतरी करूकच होया."

"काळोखात? मग चूक झाली तर बघता कोण?"

"चूक होतच नाय."

"ज्यांची चूक होणत नाय, त्येंचा बघून शिका मरे. माजे हात कित्याक होये?"

दत्तप्रसादने हसून हातमोजे पुढे सरकवले. मंगेशही हसला, पण त्याला काय कळलं देव जाणे.

सत्यवानने हातमोजे उचलून उलटेपालटे केले. आतून ते मऊ होते. त्याला ते मऊ असण्याचाही संशय आला.

"बरा, घालतंय," तो म्हणाला. "पण नवी गाडी दारात इली हा. गाराणा घातल्याशिवाय मी हात लावचंय नाय."

दत्तप्रसाद मूळचा देवगडचा. त्याने न सांगता बूट काढले. म्हाताऱ्याला पटवायला आपल्याकडचाच माणूस बरा, असा हिशेब करून साहेबांनी त्याला पाठवलं होतं. गाऱ्हाण्यात एकाने देवाला हाक घालायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे काही त्या साहेबांना ठाऊक नव्हतं. आणि देवासमोर एकदा व्हय म्हटलं की म्हणणारा त्या शब्दाला बांधला गेला, हे तर मुळीच नाही.

यशोदाने नारळ आणून दिला. तो दोन्ही हातांत धरून सत्यवानने आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! ही नवी गाडी तुज्या पायाकडे उभी आसा, तिका सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दत्तप्रसादचा आवाज सगळ्यात मोठा.

"आपली कंपनी भायल्यांच्या फुडे टिकान रवांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मशीन इली तरी माज्या ओमकाराची नोकरी जावची नाय, असा दत्तप्रसादान सांगल्यान हा. तो खरा बोललो, ह्याका तू साक्षी रव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यशोदा म्हणाली. मंगेश म्हणाला.

दाराच्या आवाजातली केसाएवढी फट ओळखणारा कान तो. एक आवाज कमी आहे हे कळायला मागे वळून बघायचीही गरज नव्हती, तरी सत्यवान वळला. दत्तप्रसाद नारळाकडे बघत होता.

"काकानू, चाळीस जणांका ठेवतले," तो म्हणाला. "त्यात ओमकाराचा नाव आसा काय नाय, माका खराच म्हायत नाय."

यशोदा पायरीवर बसली.

"पण तुमी हात दिलास नाय, तर कारखानोच बंद पडात. मग एक पण रवाचो नाय."

"ह्या मातर खरा बोललंस," सत्यवान म्हणाला. इतका वेळ संशय होता, तोच बरा होता असं त्याला वाटून गेलं.

त्याने हातमोजे घडी करून पेटीत ठेवले आणि मंगेशला हात लावायला सांगून पेटी गाडीत दत्तप्रसादच्या शेजारच्या सीटवर चढवली. वर तो न फोडलेला नारळ ठेवला.

"गाराणा अर्धा रवला हा. तुज्या मोठ्या सायबाक घेवन ये. तो व्हय म्हणात, तर नारळ हयच फोडू."

दत्तप्रसादने गाडी चालू केली. ती जराशी पुढे सरकली आणि आतून टुंग टुंग असा आवाज सुरू झाला. त्याने एकदोन बटणं दाबून बघितली, आवाज थांबेना. वळणापर्यंत तो ऐकू येत होता.

"कित्याक वो वराडता ती?" यशोदाने विचारलं.

"पट्टो लाव म्हणान सांगता," सत्यवान म्हणाला. "बाजूक पेटी आसा मा. गाडीक वाटता, माणूस बसलो हा."