बापाला मुंबई दाखवली तो दिवस

"दादा, करवत लावू का?" फोनवर सदू विचारत होता.

नवीनने फोन कानाशी घट्ट धरला आणि मागे पाहिलं. दहा पावलांवर त्याचा बाप, धाकलू, गेटवेच्या कमानीखाली मान वर करून उभा होता.

"लाव," नवीन दबक्या आवाजात म्हणाला. "आन् सांजंच्या आत उरक. फांदी न् फांदी उचल."

"कोनाचा फोन रं?" धाकलूने विचारलं.

"मित्राचा. गाडीचं विचारत होता."

अडुसष्ट वर्षांच्या धाकलूला मुंबई ठाऊक होती ती दादरच्या भाजी बाजारापुरती. काकड्यांच्या पाट्या उतरवायच्या, चहा प्यायचा आणि गावाची, पोशीरची वाट धरायची. राज्याची राजधानी बघायची म्हणून त्याने कधी पाहिलीच नव्हती. आणि परवा अचानक लेक म्हणाला, "बाबा, चला, तुमाला मुंबई दाखवतो." नेरळच्या मित्राची गाडीसुद्धा मागून आणली. आळीतल्या बायकांना कौतुक आवरेना. असा श्रावणबाळ सगळ्यांना मिळो, म्हणाल्या. श्रावणबाळाच्या मनात मात्र चोर होता.

घरामागचा आंबा पाडायचा होता. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी नवीनला तिथे चार खोल्या बांधायच्या होत्या. आंबा धाकलूच्या बापाने लावलेला. भात झोडून दमला की धाकलू त्याच्याच बुंध्याला पाठ टेकायचा. नवीनची आई गेली तेव्हा तेरा दिवस तो तिथेच बसून होता. त्याला विचारलं तर तो झाडाला मिठी मारून बसेल, हे नवीनने विचारण्याआधीच ठरवून टाकलं होतं. म्हणून ही सहल. परत गेल्यावर काय व्हायचं ते होईल, पडलेलं झाड काही उभं करता येत नाही.

झाडं तोडणाऱ्या सदूने एकच अट घातली होती. "आदल्या सांजंला झाडापाशी नारळ ठेवा. हळदकुंकू लावा. उद्या तोडनार हाय, असं त्याला सांगा. सांगितल्याबिगर मी झाडाला हात लावत नाय." नवीन "हो हो" म्हणाला आणि गाडीच्या गडबडीत साफ विसरला. आज सदूने विषय काढला नाही, म्हणजे तोही विसरला असणार. बरंच झालं.

सकाळी निघताना नवीनचा जीव टांगणीला लागला होता. धाकलू रोज उठला की आधी घरामागे जायचा. आज गेलाच नाही. त्या बाजूला मानही न वळवता गुपचूप गाडीत येऊन बसला. सुटलो, असं नवीनला वाटलं.

पण सुटका कसली! म्युझियममध्ये धाकलू मूर्तींसमोरून, ढाली-तलवारींसमोरून भराभर पुढे गेला आणि भुसा भरलेल्या पक्ष्यांपाशी येऊन थांबला. काचेपलीकडे एक पिंगळा डोळे वटारून बसला होता.

"आपल्या आंब्यात हाय तसाच," धाकलू म्हणाला.

नवीन पुढच्या काचेकडे वळला. तेवढ्यात खिशातला फोन पुन्हा थरथरला. मोठी फांदी उतरली, एवढंच सांगून सदूने ठेवून दिला.

"घरी समदं ठीक हाय ना?"

"ठीकच हाय, बाबा. चला, वरच्या मजल्यावर लई बघन्यासारखं हाय."

धाकलू क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग जिन्याकडे वळला.

दुपारी दोघं एका हॉटेलात बसले. थाळी यायची होती, तरी धाकलूची बोटं पिवळी दिसत होती. गुडघ्याला हळदीचा लेप लावला असेल, म्हणून नवीनने लक्ष दिलं नाही. थाळी आली तरी तो नुसता भात चिवडत राहिला. अपराध्यासारखं वाटत होतं, आणि आपल्याला तसं वाटतंय याचाच राग येत होता.

"बोल की," धाकलू मध्येच म्हणाला.

"काय?"

"काय नाय. जेव."

चारच्या सुमाराला ते टाउन हॉलपाशी पोहोचले. तिथल्या एवढ्या पायऱ्या चढणं धाकलूच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. तो खालच्याच पायरीवर टेकला. फोन वाजला तेव्हा नवीनला बाजूला जायचंही सुचलं नाही.

"झालं दादा, पडला आंबा," सदू सांगत होता. "कौलांना धक्का नाय लागला. आन् नारळ ठेवलात ते लई बरं केलंत. सकाळी बुंध्याशी नारळ, हळदकुंकू बघितलं, मगच तुमाला फोन लावला. नायतर मी माघारीच गेलो असतो."

"नारळ? मी कुठं..."

पुढचं नवीनच्या तोंडातच राहिलं. पायरीवर बसलेला बाप आपल्या पिवळ्या बोटांकडे बघत होता. सकाळपासूनचा एकेक प्रश्न नवीनला पुन्हा ऐकू आला. त्याने फोन बंद केला. तो बापाशेजारी खाली बसला.

"बाबा, तुमाला..."

"परवा सदूनं बुंध्याला चुन्याची फुली मारली," धाकलू म्हणाला. "मला अजून दिसतं रं. मंग झाडाला काल सांजंला मी सांगितलं."

मग त्याने मान वळवून नवीनकडे पाहिलं.

"तू मला कवा सांगतोस, म्हनून सकाळधरनं तुज्यासंगं हिंडतोय."