आठजणींचे डोळे

सकाळी सातला कांद्याच्या चाळीत निवड सुरू होण्याआधी मुकादम कौतिकबाई आठही बायकांच्या आणि स्वतःच्याही चुरचुरणाऱ्या डोळ्यांत एकाच बाटलीतले थेंब घालत. चार वर्षांचा हा रिवाज.

गावातल्या नेत्रशिबिरात तपासणाऱ्या मुलीने कौतिकबाईंच्या डोळ्यांतला दाब मोजला, त्यांच्याजवळची बाटली पाहिली आणि ती गंभीर झाली. "मावशी, या औषधानं आग थांबते, पण वर्षानुवर्षं घातलं तर दाब वाढून नजर जाते. गेलेली परत येत नाही. उरलेली वाचवू."

"आणि ज्यांना मी माझ्या हातानं घातलं, त्यांची?"

"वेळेत तपासलं, तर त्यांचीही वाचेल."

दुसऱ्या सकाळी कौतिकबाई चाळीत आल्या, पण बाटली काढली नाही.

"अक्का, आज थेंबांना सुट्टी का?" एकीने डोळे चोळत चिडवले.

व्यापाऱ्याचा ट्रक दाराशी उभा असतानाच त्यांनी निवड थांबवली आणि आठहीजणींना पुढे घालून शिबिराची वाट धरली.