पुढचा शब्द

लोमाने बाबांचा आवाज मधेच थांबवला. "सांग आई, पुढचा शब्द?"

"नारळ," हातातली टोपली विणत मोका म्हणाली. बरोबर.

खेळ सोपा होता. शब्द ओळखला की ध्वनिमुद्रण पुढे सरकायचं, चुकला की तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. ऐकणारा कुठे किती चुकतो, त्यावरून निउए बेटावरच्या बोलीची वीण कुठे घट्ट आणि कुठे सैल, ते लोमा संगणकावर मांडत होती. ऑकलंडच्या विद्यापीठात ते दाखवायचं होतं आणि विमान उद्याच होतं. नमुना गेल्या वर्षीचा, खेकड्यांना आमिष कसं लावायचं ते बाबा सांगताहेत. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांना इथेच अंगणात पुरलं.

"तुझ्यासाठी बाबांचा हा आवाज ठेवून जाऊ का?" लोमाने सकाळी विचारलं होतं.

"नको. रडत बसायला वेळ नाही मला," मोकाने तोडून टाकलं होतं.

आता मात्र ती एकही शब्द चुकत नव्हती. "अगं, तुझा बाप तोंड उघडायच्या आत मला कळायचं, हा काय बोलणार ते!"

लोमा खूश होती. तिने शेवटचं वाक्य लावलं.

"पुरे. मोका वाट बघत असेल. जातो मी आता..."

"समुद्रावर," मोका म्हणाली.

"चूक." पुन्हा बाबांचा आवाज.

"तारोच्या मळ्यात."

"आई, नीट ऐक ना!"

"ऐकतेय की. ऑकलंडला."

विमान दिसलं तरी तोंड फिरवणारा माणूस, तो ऑकलंडला जाणार! लोमाने कपाळावर हात मारला. 'घरी.' शेंबडं पोरही सांगेल. आणि पडद्यावर तोच शब्द सगळ्यात अवघड ठरत चालला होता. एवढ्या मेहनतीने जमवलेले आकडे डोळ्यांदेखत बिघडत होते.

ती चिडून वळली. टोपलीवरचे हात केव्हाच थांबले होते. आईचे डोळे मिटलेले होते.

चुकला की तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून, लोमाच्या लक्षात आलं. तिने मोजणी बंद केली आणि वाक्य पुन्हा लावलं.

"...जातो मी आता..."

"थांब, या वेळी मी सांगते," लोमा म्हणाली. "चर्चला."

"चर्चला? तो?" मोका डोळे न उघडताच हसली. "चूक! लाव परत."