तेरावा फोटो

लोणारच्या काठावर आम्ही गाड्या निंबाखाली लावल्या आणि पन्नासेक पावलं पुढे आलो. बीबी गाव सोडल्यापासून आमचा एकच वाद सुरू होता.

"माह्या डिजिटलवर फोटो लगेच दिसते बे. तुले रोल धुऊन येईपर्यंत वाट पाहा लागते," कुलदीप म्हणाला.

"वाट पाह्यण्यातच मजा हाय. बारा झाले, चोवीस बाकी."

ऊन मऊ, पिवळं झालं होतं. त्याने मागे वळून गाड्यांचा फोटो काढला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली.

गाड्यांवर आम्ही दोघं बसलो होतो. फोटोतल्या माझ्या डोळ्याला कॅमेरा होता, आमच्याच दिशेने रोखलेला.

आम्ही मान वर केली. गाड्या रिकाम्या होत्या.

तेवढ्यात तिकडून 'खट्' असा आवाज आला.

माझा कॅमेरा गळ्यातच होता. त्यावरचा आकडा तेरा झाला होता.