धाकट्याचा पलंग

पलंग दारातच अडकला. सुताराने तो आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, शेवटी सुटा करून आत घेतला. जोडायला बसला, तर समोरची भिंत आडवी आली.

"वहिनी, हातभर जास्त होतोय. आणि तिकडून लावला तर दारच उघडत नाही."

ती पलंगाजवळ आली. "असं कसं? अहो, बाईंच्या धाकट्याचा पलंग तो! दहा वर्षांच्या पोराला लहान वाटायला लागला, म्हणून तर बाईंनी काढला."

बाईंकडे कामाला गेली की रोज त्याच्याखालून फडकं मारायची ती. त्या खोलीत तो कुठेतरी कोपऱ्यात असायचा, एवढासा दिसायचा. माप घ्यावं असं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

तिरक्या घातलेल्या सतरंजीवर नवरा पडून होता. बांधकामावरून पडला तेव्हापासून पाठ कामातून गेलेली. जमिनीवर झोपायचं नाही आणि अंग सरळ ठेवायचं, नाहीतर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तर तिने बाईंच्या मागे लकडा लावला होता. जागा व्हावी म्हणून कपाट विकलं, भांड्यांची मांडणी शेजारणीला देऊन टाकली. आता हलवण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं.

"परत नेऊन देऊ का?" सुताराने विचारलं.

"ते कुठे ठेवून घेतायत! भंगारात घालतील." तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. "कापा," ती म्हणाली.

पायाकडचा भाग कापून सुताराने पलंग पुन्हा ठोकून दिला. दोघांनी मिळून नवऱ्याला उचलून वर ठेवलं. त्याचे पाय भिंतीला लागले, तसे त्याने ते हळूच दुमडले.

"राजेशाही आहे हां एकदम," तो म्हणाला. पण कळ त्याच्या तोंडावर दिसत होती. तिने सतरंजीची घडी घालायला घेतली आणि मध्येच तिला रडू फुटलं.

तेवढ्यात बाईंचा फोन आला. "काय गं, मावला का पलंग?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"मावला, बाई." तिने पदराने नाक पुसलं. "अगदी मापात."

नवऱ्याने गुडघे आणखी पोटाशी ओढून घेतले.

"सांग त्यांना," तो म्हणाला, "मीपण मावलो."